बैतरणीकाठचा खडक: दगडाचं वय आणि त्यातल्या कणाचं वय

गारगोटी

गेल्या महिन्यात सुट्टीला सोलापूरला घरी गेले होते. जेवताना मामांनी मोबाईल पुढे केला. "हे तुझंच क्षेत्र ना गं? भारतात ४२४ कोटी वर्षांचा खडक सापडलाय म्हणे." मी म्हटलं, "मामा, खडक नाही, खडकातला कण." ते म्हणाले, "तेच ते."

तेच ते नाही. माझं सगळं काम या फरकावर उभं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मामाही हा धागा वाचणार आहेत.

ओडिशाच्या केंदुझर जिल्ह्यात, झारखंडच्या सीमेजवळ, बैतरणी नदीच्या काठी चंपुआ नावाचं गाव आहे. आजूबाजूला लोहखनिजाच्या खाणी, रस्त्यावर ट्रकांची रांग आणि झाडांच्या पानांवर बसलेली लाल धूळ. या लाल मुलखात नदीच्या पात्रात आणि शेतांच्या कडेला मधूनच राखाडी खडकाची उघडी पाठ दिसते. गुडघे टेकून जवळून पाहिलं की त्यात फेल्डस्पार आणि क्वार्ट्झचे पांढरट पट्टे दिसतात, त्यांच्यामधून काळ्या अभ्रकाच्या बारीक रेघा जातात. दोन रंगांची कणीक एकत्र मळायला घ्यावी आणि अर्ध्यात सोडून द्यावी, तसे ते पट्टे वळलेले, दुमडलेले असतात. हा नाइस, मराठीत पट्टिताश्म. सिंहभूम क्रेटॉन नावाच्या भूकवचाच्या अतिप्राचीन तुकड्याचा तो भाग आहे.

२०१८ साली त्रिस्रोता चौधुरी, रजत मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परिसरातल्या नाइसमधले झिरकॉन नावाच्या टणक खनिजाचे कण तपासून शोधनिबंध लिहिला. खडक स्वतः साधारण ३.३ ते ३.५ अब्ज वर्षांपूर्वीचा. पण त्यात ४.२४ आणि ४.०३ अब्ज वर्षांचे कण निघाले. बातम्यांनी यातला मोठा आकडा उचलला आणि खडकाला चिकटवला.

आपल्याकडे जुना वाडा उतरवला की त्याचे घडीव चिरे नव्या घराच्या जोत्यात बसवतात. शंभर वर्षांपूर्वीचा चिरा दहा वर्षांपूर्वीच्या घरात असतो. चिऱ्याचं वय सांगून कुणी घराचं वय सांगत नाही. पण तो चिरा पाहिल्यावर एक गोष्ट नक्की कळते, इथे किंवा जवळपास कधीतरी वाडा होता. तो ४.२४ अब्ज वर्षांचा कण असा चिरा आहे. त्याचा वाडा कुठेही शिल्लक नाही. नंतर वर आलेल्या शिलारसाने त्या जुन्या कवचाला वितळवलं, त्यातला हा कण मात्र वितळला नाही आणि नव्या खडकात अडकून राहिला.

मला या कामात सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते हेच. खडक गेला, त्याचा साक्षीदार उरला. तो साक्षीदार मिठाच्या दाण्याहून लहान आहे.

माळावरचा_वारा

उत्तम धागा! वाचनखूण साठवली. एक शंका. हे वय कार्बन डेटिंगने काढतात का?

गारगोटी

नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. साधारण पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं काही उरत नाही, आणि ते लागतं पूर्वी जिवंत असलेल्या वस्तूला. लाकूड, हाडं, शिंपले. इथे युरेनियम-शिसे पद्धत वापरतात.

प्रश्नचिन्ह

गारगोटीताई, लेख आवडला, पण मूळ गोष्टीवरच शंका आहे. युरेनियमचं शिसं होतं हे मान्य. कणात शिसं किती साठलं ते मोजून तुम्ही वय सांगता. पण कण तयार होतानाच त्यात शिसं होतं की नाही हे कसं कळणार? तेव्हा तिथे कुणी नव्हतं. आणि मधल्या काळात त्यातलं काही निसटलं असेल तर? दोन्हीकडून गळकं भांडं घेऊन पाणी मोजल्यासारखं वाटतं.

गारगोटी

अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. या शास्त्रातल्या लोकांनी आपली हयात याच दोन प्रश्नांवर घालवली आहे.

आधी पहिला प्रश्न. झिरकॉन म्हणजे झिर्कोनियम सिलिकेट. त्याच्या जाळीत झिर्कोनियमची जी जागा असते तिथे युरेनियमचा अणू बसू शकतो, कारण दोघांचा विद्युतभार सारखाच, अधिक चार, आणि आकारातही फार फरक नाही. शिशाचा अणू मोठा आणि भार अधिक दोन. त्याला त्या घरात जागा नाही. त्यामुळे स्फटिक वाढत असताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ बाहेरच ठेवतो. हे झालं तत्त्व. पण तत्त्वावर विश्वास टाकून आम्ही थांबत नाही. शिशाचा २०४ वस्तुमानांकाचा एक समस्थानिक, म्हणजे वेगळ्या वजनाचा प्रकार आहे, तो कुठल्याही किरणोत्सारी क्षयातून तयार होत नाही. म्हणजे कणात २०४ सापडलं तर ते बाहेरूनच आलं. ते किती आहे हे मोजलं की त्याच्यासोबत आलेलं बाकीचं शिसंही हिशोबातून वजा करता येतं. २०४ फार निघालं तर तो कण आम्ही बाजूला ठेवतो.

आता दुसरा प्रश्न, निसटण्याचा. युरेनियम दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींचं घड्याळ वेगवेगळ्या वेगाने चालतं. युरेनियम-२३८ चं शिसे-२०६ होतं, अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ चं शिसे-२०७ होतं, अर्धायुष्य फक्त ७०.४ कोटी. समजा कण ४.४ अब्ज वर्षांचा आहे. पहिल्या घड्याळात जवळपास निम्मं युरेनियम शिल्लक दिसेल. दुसऱ्यात ७६ भागांतला एकच भाग उरलेला असेल. दोन्ही घड्याळं एकाच कणात, एकाच वेळी सुरू झालेली. दोन्हींनी एकच वय सांगितलं तर कण बंद राहिला. शिसं मध्येच निसटलं असेल तर दोन्ही घड्याळं दोन वेगळी वयं सांगतात, आणि गडबड लगेच दिसते. जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ साली या दोन गुणोत्तरांचा आलेख मांडला. जुळणारे कण एका वक्र रेषेवर पडतात, तिला कॉन्कॉर्डिया म्हणतात. शिसं गमावलेले कण त्या रेषेखाली घसरतात. एकाच वेळी शिसं गमावलेले बरेच कण एका सरळ ओळीत घसरतात, आणि ती ओळ मागे वाढवली की मूळ वय हाती लागतं. गळती कधी झाली याचाही अंदाज येतो. म्हणजे भांडं गळकं असलं तरी किती गळलं हे दोन मापांवरून कळतं.

प्रश्नचिन्ह

हे समजलं. २०४ ची गोष्ट मला माहीत नव्हती. धन्यवाद. पण आणखी एक. निसटलेलं शिसं कणाच्या आतच एका जागी गोळा झालं आणि तुमचा वय मोजणारा किरण नेमका तिथेच पडला, तर वय खऱ्यापेक्षा जास्त येईल ना?

पर्थवासी

याचं उत्तर मी द्यायचा प्रयत्न करतो, कारण ही गोष्ट आमच्या इथल्या कणांवरच घडली.

पर्थहून उत्तरेला साधारण आठशे किलोमीटरवर जॅक हिल्स आहेत. मी एकदा मित्रांबरोबर त्या भागातून गेलो आहे. लाल माती, मुल्गाची खुरटी झाडं, मैलोन्मैल माणूस नाही. टेकड्या दिसायला अगदी साध्या. तिथला खडक म्हणजे गोट्यांचा पिंडाश्म, साधारण तीन अब्ज वर्षांपूर्वी नदीने आणून टाकलेला. त्या गोट्यांच्या मधल्या वाळूत झिरकॉन आहेत. १९८३ मध्ये जवळच्याच माउंट नॅरियरच्या खडकातून ४.१ ते ४.२ अब्ज वर्षांचे कण मिळाले. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत विल्यम कॉम्प्स्टन यांच्या गटाने बांधलेल्या श्रिंप नावाच्या यंत्रावर ते मोजले. मग २००१ मध्ये सायमन वाइल्ड, जॉन व्हॅली आणि सहकाऱ्यांनी जॅक हिल्सचा ४.४०४ अब्ज वर्षांचा कण जाहीर केला. पृथ्वीवरचा आजवरचा सगळ्यात जुना तुकडा.

तेव्हा शंका घेणाऱ्यांनी हेच विचारलं जे तुम्ही विचारताय. म्हणून २०१४ मध्ये व्हॅली यांनी जॅक हिल्सच्या ४.३७४ अब्ज वर्षांच्या एका कणातले अणू ॲटम प्रोबने एकेक करून मोजले. शिसं खरंच थोडं गोळा झालेलं होतं. पण त्या गाठी दहा नॅनोमीटरच्या आसपासच्या. वय मोजणाऱ्या किरणाचा ठिपका वीस मायक्रॉनचा, म्हणजे गाठीच्या दोन हजार पट रुंद. गावातल्या गावात घर बदललं तर गावाची लोकसंख्या बदलत नाही. वय खरं ठरलं.

गारगोटी

पर्थवासी, फार छान सांगितलंत. जॅक हिल्सचे लाखाहून जास्त कण आजवर तपासले गेलेत आणि चार अब्जांच्या पलीकडचे त्यातले थोडेच. सिंहभूममध्ये तर ते हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

तळेगावची_मैना

मला प्रत्यक्ष काम कसं करतात ते वाचायला आवडेल. दगडातून मिठाच्या दाण्याहून लहान कण शोधायचा कसा?

गारगोटी

मैनाताई, माझ्या दिवसाचा मोठा भाग यातच जातो, म्हणून लिहिते.

पाच-दहा किलो ताजा खडक आणायचा, वरची कुजलेली साल नको. तो क्रशरमध्ये भरडून चाळून रव्याएवढा बारीक करायचा. नंतरची पायरी आपल्या आज्यांना पाठ होती. तांदूळ रोळताना पाण्यात भांडं हलवत तांदूळ वरून काढून घेतात आणि खडे तळाशी राहतात, तसंच. फरक एवढाच की आम्हाला तांदूळ नको, खडे हवेत. झिरकॉन क्वार्ट्झच्या पावणेदोन पट जड असतो, तो तळाशी राहतो. सराफकट्ट्यावरची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही हालचाल लगेच ओळखू येईल. पहिल्यांदा केलं तेव्हा मला आमच्या गल्लीतले झारेकरी काका आठवले.

मग चुंबकाने लोहयुक्त कण ओढून काढायचे. उरलेलं मिथिलीन आयोडाइड नावाच्या जड द्रवात टाकायचं. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार लाकडासारखे तरंगतात, झिरकॉन बुडतो. शेवटी दहा किलोंचा चिमूटभर चुरा राहतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बारीक सुईने एकेक कण वेचायचा. फिकट गुलाबी, मधाच्या रंगाचे, काही अगदी पाण्यासारखे. दोन्ही टोकांना निमुळते. पाठ आणि डोळे दोन्ही दुखतात, पण पहिला चांगला कण दिसला की वेळेचं भान राहत नाही.

वेचलेले कण रुपयाच्या नाण्याएवढ्या एपॉक्सीच्या चकतीत बसवून, ते निम्मे झिजून आतलं अंग दिसेपर्यंत घासतात. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली कण उजळतो आणि आतली वर्तुळं दिसतात, कांदा आडवा चिरल्यासारखी. गाभा एका काळातला, त्यावर चढलेली साल दुसऱ्या काळातली. याच चित्रावरून ठरतं की ऑक्सिजनच्या आयनांचा किरण कुठे टाकायचा. गाभा आणि सालीच्या सीमेवर पडला तर येणारा आकडा कुणाचाच नसतो.

आणि स्वच्छता. पहिल्या वर्षी माझ्या वालुकाश्माच्या नमुन्यात ५० कोटी वर्षांचे तीन कण आले. त्या वालुकाश्माला छेदून गेलेली डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची भिंत, त्याहून कितीतरी जुनी होती. पाव कापणारी सुरी पावाच्या आधी चाललेली असू शकत नाही, तसं हे अशक्य. चाळणीच्या जाळीत आधीच्या कुणाच्या तरी नमुन्याचे कण अडकलेले होते. चार महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं. फार रडले होते तेव्हा. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याला नवीन जाळी कापते.

क्लेअर पॅटरसन यांची आठवण या संदर्भात नेहमी येते. १९५६ साली उल्कांमधल्या शिशावरून त्यांनी पृथ्वीचं वय ४.५५ अब्ज वर्षं काढलं. पण त्याआधी कितीतरी वर्षं त्यांचे आकडे बसत नव्हते, कारण प्रयोगशाळेच्या हवेत, भांड्यांत, धुळीत सगळीकडे शिसं होतं. त्यातूनच त्यांना पेट्रोलमधल्या शिशाने सगळी हवा किती बिघडली आहे हे कळलं आणि त्याविरुद्ध ते पुढे वर्षानुवर्षं लढले.

तळेगावची_मैना

रोळण्याचं वाचून आईची फार आठवण झाली. झिरकॉन म्हणजे सराफाकडे मिळतात तेच खडे का? माझ्या कानातल्यात आहेत.

गारगोटी

कानातल्यातले बहुधा क्युबिक झिर्कोनिया, प्रयोगशाळेत बनवलेले. नाव जवळचं, वस्तू वेगळी. त्यात सिलिका नसते. खरा झिरकॉन जमिनीतून येतो, आणि तोही दागिन्यांत वापरतात.

कृष्णाकाठ

मी कराडचा. आपल्या महाराष्ट्रात सगळा काळा पत्थर, सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे आपल्या पायाखाली असलं जुनं काही नाही असं लहानपणी वाटायचं. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला इथे खोल बोअर घेतलं तेव्हा तो समज गेला. २०१७ साली ते तीन किलोमीटर खोल गेलं. साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत काळा पत्थर आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. हजारमाचीला त्या कामाची प्रयोगशाळा आहे. मला खडकाचे गोल दांडे पाहायला मिळाले. वरचे काळे, मधून भोकांचे. आणि मग अचानक राखाडी, गुलाबी छटेचा, चमचमता खडक. बोट फिरवलं तर पोत वेगळाच लागतो. या घाटात माझं सगळं आयुष्य गेलं आणि त्या खडकाची मला कल्पनाही नव्हती.

गारगोटी

काका, तुम्ही हात लावलात तो खडक आर्कियन काळातला, अडीच अब्ज वर्षांच्या पलीकडचा. दख्खनचा काळा पत्थर म्हणजे त्यावर नंतर टाकलेली गोधडी. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटरवरच काळा पत्थर संपला आणि जुना पाया लागला. आणि विदर्भात पूर्वेला ही गोधडीच नाही. गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या नावानेच ओळखला जाणारा आमगाव नाइस उघड्यावर आहे. गडचिरोलीकडे बस्तर क्रेटॉनचा भाग आहे.

मांडवीचो_पूत

गोव्याचं नाव राहिलं! अनमोड घाटातला ट्रॉन्ध्येमाइट नाइस ३४० कोटी वर्षांचा आहे असं कॉलेजात शिकलो होतो. बेळगावला जाताना दरवेळी त्या वळणावर गाडी हळू करतो.

गारगोटी

हो, तो आकडा रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीचा आहे. ती पद्धत सबंध खडकावर चालते आणि खडक नंतर तापला की सहज विस्कटते, म्हणून तिची चूकमर्यादा मोठी असते. झिरकॉनचं वय त्याहून भरवशाचं. तरी तो खडक अतिप्राचीन आहे यात शंका नाही. गाडी हळू करत जा, मीही करते.

माळावरचा_वारा

एक मूलभूत प्रश्न. हे सगळं करून खंड कसे तयार झाले हे कसं कळतं? वय कळलं, पुढे काय?

गारगोटी

समुद्राचा तळ बेसाल्टचा, जड. आज समुद्राच्या तळाशी वीस कोटी वर्षांपेक्षा जुना भाग जवळजवळ नाही, कारण तो परत प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, बुडतो. खंड ग्रॅनाइटी, हलके. घनता साधारण २.७, प्रावरणाची ३.३. म्हणून खंड तरंगत राहतात आणि जुने होऊ शकतात. पण प्रावरण वितळलं की बेसाल्ट मिळतो, ग्रॅनाइट नाही. ग्रॅनाइट मिळवायला बेसाल्ट पुन्हा वितळावा लागतो, आणि त्यात पाणी असावं लागतं. पाण्याशिवाय खंड नाहीत. माझ्या चंपुआच्या नाइसचं मूळ हेच. टोनालाइट, ट्रॉन्ध्येमाइट आणि ग्रॅनोडायोराइट या तीन भावंडांचा हा गट सगळ्या जुन्या खंडांच्या पोटात सापडतो.

म्हणून जॅक हिल्सच्या कणांतला ऑक्सिजन महत्त्वाचा. ज्या खडकाला थंड पृष्ठभागावर पाणी लागलं असेल त्यात ऑक्सिजन-१८ थोडा जास्त असतो. ४.३ अब्ज वर्षांपूर्वीच्या कणांत तो जास्त निघाला. म्हणजे पृथ्वीच्या जन्मानंतर पंचवीस-तीस कोटी वर्षांतच पृष्ठभागावर पाणी असावं.

आणि हाफ्नियम. झिरकॉनमध्ये वजनाच्या साधारण एक टक्का हाफ्नियम असतं. ल्युटेशियम-१७६ चं हाफ्नियम-१७६ होतं. झिरकॉनमध्ये ल्युटेशियम नगण्य, त्यामुळे कण जन्मला तेव्हाचं हाफ्नियमचं प्रमाण त्यात गोठून राहतं. त्यावरून कळतं की ज्या शिलारसातून कण आला त्याचा मूळ साठा प्रावरणातून कधी वेगळा झाला. शिशाने कणाचा जन्म सांगितला, हाफ्नियमने त्याच्या आईबापांचा. सिंहभूमच्या ४.२ अब्जांच्या कणाचं हाफ्नियम सांगतं की त्याचा साठा त्याच्याही आधी वेगळा झालेला होता.

खोलदरी

मीही याच क्षेत्रातला, म्हणून थोडा मतभेद नोंदवतो. "बेसाल्ट पाण्यासह पुन्हा वितळला" इथवर ठीक. पण तो वितळण्यासाठी खोल गेला कसा? आजच्यासारखा भूपट्ट दुसऱ्याखाली सरकून? मला वाटतं हो. अधिक ऑक्सिजन-१८ म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी लागलेला खडक खोल गेला. भूपट्ट सरकल्याशिवाय ते घडणं कठीण.

गारगोटी

इथे माझं मत वेगळं आहे. त्या काळी प्रावरण आजच्यापेक्षा बरंच तप्त होतं. लाव्हा थरावर थर साचत गेला की खालचा थर आपोआप खोल जातो. वरचं ओलं बेसाल्ट वजनाने खाली दबतं आणि तिथे वितळतं. भूपट्टांची गरज लागत नाही.

२०२१ मध्ये प्रियदर्शी चौधुरी, पीटर कॉवूड आणि सहकाऱ्यांनी सिंहभूमवर नेमकं हेच मांडलं. तिथल्या ग्रॅनाइटी खडकांच्या रसायनावरून त्यांनी ते किती खोलीवर वितळून तयार झाले हे काढलं. काळ पुढे सरकला तशी खोली वाढत गेली आणि ३.२ अब्ज वर्षांपर्यंत कवच साधारण ५० किलोमीटर जाड झालं. जाड आणि हलकं, म्हणून ते पाण्याच्या वर उचललं गेलं. पुरावा म्हणजे तिथले वालुकाश्म. त्यात नदीच्या, भरतीओहोटीच्या, पुळणीच्या खुणा आहेत, आणि त्यातल्या झिरकॉनवरून ते तीन अब्ज वर्षांच्या आसपासचे ठरतात. तेव्हा उघडी जमीन होती, तिच्यावर पाऊस पडत होता आणि नदी वाळू वाहून नेत होती. वालुकाश्मावरच्या त्या लाटांच्या रेघांवरून मी हात फिरवला आहे. आपल्या पुळणीवर ओहोटीनंतर पायाखाली लागतात तशाच.

खोलदरी

सिंहभूमपुरतं तुमचं बरोबर असेल. पण एका क्रेटॉनवरून सगळ्या पृथ्वीचं सांगू नये. ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा क्रेटॉनमध्ये कवचाची उभी, वरखाली हालचाल दिसते, दुसरीकडे भूपट्टांसारखी आडवी दिसते. दोन्ही एकाच काळी चालू असणं शक्य आहे.

गारगोटी

हे मला मान्य आहे. माझं लिहिणं सिंहभूमपुरतं धरा.

सिंहगड_रोड

मग जगातला सगळ्यात जुना *खडक* कुठला? कण नव्हे.

पर्थवासी

सर्वमान्य उत्तर कॅनडातला अकास्टा नाइस, यलोनाइफच्या उत्तरेला. ४.०३ अब्ज वर्षं.

खोलदरी

आणि वादातलं उत्तर म्हणजे हडसन उपसागराच्या काठचा नुव्वुआगित्तुक पट्टा. २००८ मध्ये ४.२८ अब्ज सांगितलं गेलं. तिथले जुने खडक बेसाल्टच्या जातीचे, त्यात झिरकॉन फारसे मिळत नाहीत. म्हणून समेरियमचं निओडिमियम होतं त्या घड्याळावर जावं लागलं. त्यातलं समेरियम-१४६ इतक्या लवकर संपतं की पृथ्वीच्या पहिल्या पन्नासेक कोटी वर्षांनंतर ते उरलेलंच नाही. त्याची खूण खडकात दिसली म्हणजे काहीतरी त्याच्या हयातीत घडलं हे नक्की. पण खडक तेव्हा घडला, की त्याने जुन्या साठ्याची खूण वारशाने घेतली? २०२५ मध्ये त्या पट्ट्यात घुसलेल्या खडकांचं वय ४.१६ अब्ज आलं, त्यामुळे पहिल्या बाजूला बळ मिळालं.

गारगोटी

बघा, पुन्हा तोच प्रश्न. घर की चिरा.

मामा_सोलापूर

धागा वाचला. तीन वेळा वाचला. जोत्यातल्या चिऱ्याचं पटलं, आपल्या दारातल्या पायरीचा दगडही तुझ्या पणजोबांच्या वाड्याचाच आहे. तो ग्रुपवर फिरलेला मजकूर मी दुरुस्त करून पुन्हा पाठवला आहे.

गारगोटी

मामा! खाते कधी उघडलंत?

नम्मा_पुणेकर

मी बेंगळुरूला असतो. हे सगळं वाचून आज सकाळी लालबागेत गेलो. इतकी वर्षं तिथे फिरायला जातो, पण टेकडीवरच्या फलकाकडे कधी पाहिलं नव्हतं. तो खडक पेनिन्सुलर नाइस आहे, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक, तीन अब्ज वर्षांच्या आसपासचा. केंपेगौडांच्या मनोऱ्याकडे चढताना माणसं त्यावरूनच चालत असतात. लहान मुलं घसरगुंडी करत होती. मी खाली बसून पाहिलं. राखाडी पट्टे तुम्ही म्हणता तसेच. पण एके ठिकाणी हातभर लांबीचा काळा डाग आहे, कडा ठळक, आणि राखाडी पट्टे त्याला वळसा घालून जातात. तो काय असावा? फोटो जोडला आहे.

गारगोटी

नम्मा पुणेकर, तुमची नजर चांगली आहे. भोवतालचा नाइस तयार होताना आधीच्या खडकाचा तुकडा त्यात बहुधा अडकला, वितळला नाही आणि तसाच राहिला. म्हणजे ज्या खडकावर तुम्ही बसला होतात, त्याच्याहून तो काळा तुकडा जुना असावा. पुन्हा गेलात तर शेजारी एक नाणं ठेवून फोटो घ्या, म्हणजे माप कळेल. आणि कडेला नीट बघा, राखाडी शिलारसाच्या बारीक शिरा त्याच्या आत शिरलेल्या दिसतात का ते सांगा.